मायक्रॉनचं भांडण : सीएमएम मशीन नेमकं काय मोजतं?

मे महिन्यातली गोष्ट. रात्री साडेनऊला शेजारचे मामा दारात उभे, हातात डब्याची पिशवी. पिशवीत डबा नव्हता. जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळलेले ॲल्युमिनियमचे दोन जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेले भाग, होते आणि एक चुरगळलेला कागद.

मामांचा साकीनाक्याला गाळा आहे. दोन लेथ, एक सेकंडहँड व्हीएमसी (संगणकावर चालणारं, भोकं पाडायचं नि धातू कापायचं मशीन), चार माणसं. तीस वर्षं स्टीलची कामं केली. यंदा पहिल्यांदाच ॲल्युमिनियमची ऑर्डर मिळाली, इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरचं हाउसिंग, दोनशे नग. गिऱ्हाइकाने अख्खा लॉट परत पाठवला. कागदावर लाल पेनने लिहिलं होतं की दोन भोकांमधलं अंतर १८० मिलीमीटर हवं, अधिक-उणे २० मायक्रॉन चालतील, तुमचं उणे २७ आहे.

"पोरी, माझ्या मायक्रोमीटरवर बरोब्बर एकशेऐंशी येतंय. पिना घालून शंभरदा बघितलं. त्यांचं मशीन येडं झालंय की माझं?"

मी अंधेरी एमआयडीसीत एका छोट्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या वस्तू मोजायच्या, हेच काम. मामा ज्याला 'त्यांचं मशीन' म्हणत होते ते सीएमएम, म्हणजे कोऑर्डिनेट मेझरिंग मशीन. पेपरात हल्ली मेट्रोच्या डब्यापासून फोनच्या सांगाड्यापर्यंत 'आता इथेच बनतं' अशा बातम्या येतात आणि त्यात 'मायक्रॉनची अचूकता' हा शब्द हमखास पेरलेला असतो. ती अचूकता ठरवणारं मशीन मात्र बातमीत कधी दिसत नाही. मामांना त्या रात्री मी एवढंच म्हटलं, की तुमचंही बरोबर आहे आणि त्यांचंही. ते चिडले. चिडणारच. ही गोष्ट एका वाक्यात सांगण्यासारखी नाहीच.

मायक्रॉन म्हणजे किती?

सुतार सुतात बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलीमीटरच्या थोडं वर. "दार अर्धा सूत घास" म्हटलं की त्याला कळतं. जुना फिटर थाऊत बोलतो, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. मायक्रॉन त्याहून बारीक. मिलीमीटरचे हजार तुकडे केले की एक तुकडा म्हणजे एक मायक्रॉन. एका थाऊत पंचवीस मायक्रॉन बसतात, एका सुतात तीन हजारांच्या वर.

झेरॉक्सचा साधा कागद साधारण १०० मायक्रॉन जाड असतो. डोक्याचा केस ५० ते १०० च्या मध्ये कुठेतरी. मामांचा लॉट मुभेच्या बाहेर गेला तो सात मायक्रॉनने, म्हणजे केसाच्या दहाव्या भागाने.

"सात मायक्रॉनसाठी दोनशे नग परत? माज आहे नुसता," आमचे बाबा म्हणाले. ऐकणाऱ्या कोणालाही असंच वाटेल. पण त्या दोन भोकांत काय बसणार आहे ते बघा. दोन शाफ्ट, त्यांच्यावर एकमेकांत अडकलेले दोन गिअर. अंतर कमी पडलं तर दात दातांवर चढतात, गिअर गरम होतात, कुरकुरतात. जास्त झालं तर खडखडतात. आणि हे हाउसिंग साकीनाक्यात बनणार, गिअर दुसऱ्या शहरात, बेअरिंग तिसऱ्याच राज्यात. जोडणीच्या लाइनवर ही मंडळी पहिल्यांदाच भेटणार. पूर्वी असेंब्लीचा फिटर कानस घेऊन बसायचा आणि नसलेलं बसवायचा. आता लाइनवर कानसही नाही आणि तेवढा वेळही नाही. कुठलाही नग उचलला तरी तो बसलाच पाहिजे.

म्हणून ड्रॉइंगवर प्रत्येक मापाशेजारी टॉलरन्स लिहिलेला असतो, म्हणजे मापात उणं-अधिक किती चालेल याची आधीच ठरवलेली मुभा. शिंपी कपड्यात माया सोडतो, तिचीच ही चुलत बहीण. फरक एवढाच की माया एका बाजूला असते आणि टॉलरन्स दोन्ही बाजूंना. इंजिनियरही कधी कधी उगाच कडक टॉलरन्स टाकून ठेवतात, हे मी रोज बघते. पण गिअरच्या अंतराला वीस मायक्रॉन हा माज नव्हे.

व्हर्नियर असताना हे धूड कशाला?

व्हर्नियरची युक्ती १६३१ मधली, पिएर व्हर्निए या फ्रेंच माणसाची. एक पट्टी दुसऱ्या पट्टीवर सरकवून बारीक भाग वाचायचा. आज मुंबईत हत्यारांच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटवर, शंभर पावलं चाललात तर तीन दुकानांत मिळेल. मायक्रोमीटर त्याच्याही पुढचा, डिजिटल असेल तर एक मायक्रॉनपर्यंत आकडा दाखवतो. ही उत्तम हत्यारं आहेत आणि सीएमएम आलं म्हणून ती कोणी फेकून देत नाही.

पण त्यांना एकच गोष्ट कळते. जबड्यात सापडलेल्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर. ड्रॉइंग त्याहून बरंच काही विचारतं.

भोक गोल आहे का, हाच प्रश्न घ्या. तुम्ही म्हणाल, चार दिशांनी व्यास मोजा, सारखा आला की गोल. इथेच फसगत होते. ब्रिटनमधलं ५० पेन्सचं नाणं सात कोपऱ्यांचं आहे, पण ते मायक्रोमीटरमध्ये धरून कसंही फिरवा, आकडा तोच येतो. त्याच्या कडाच तशा वाकवलेल्या आहेत. सेंटरलेस ग्राइंडिंगवर, म्हणजे टोकांना न धरता दोन चाकांमध्ये फिरवत घासून, निघालेल्या शाफ्टला नेमका हाच रोग होतो, तीन किंवा पाच उंचवट्यांचा. मायक्रोमीटर म्हणतो सगळं ठीक, आणि बेअरिंगमध्ये घातला की शाफ्ट घरघरतो.

किंवा भोकाची दिशा घ्या. ते खालच्या पृष्ठभागाला काटकोनात आहे का? वरच्या दोन भोकांचे मध्य मागच्या भोकाच्या मध्याशी जुळतात का? भोकाचा मध्य म्हणजे निव्वळ हवा. हवेला जबडा कुठे लावणार?

मशीन करतं तरी काय?

आमच्या लॅबच्या मधोमध काळ्या ग्रॅनाइटची मोठी लादी आहे, डबल बेडएवढी. तिच्यावर एक कमान पुढे-मागे सरकते, कमानीवर एक गाडा डावीकडे-उजवीकडे, आणि गाड्यातून एक खांब खाली-वर. खांबाच्या टोकाला प्रोब, आणि प्रोबच्या टोकाला बारीक काडीवर साबुदाण्याहून लहान लाल मणी. एवढंच. हा मणी जॉबला हळूच टेकतो, 'टिक' वाजतं, आणि त्या क्षणी तिन्ही दिशांच्या पट्ट्यांवरचे आकडे टिपले जातात.

तीन आकडे म्हणजे त्या बिंदूचा पत्ता. बी विंग, सातवा मजला, खोली चार, एवढं सांगितलं की कुरिअरवाला बरोबर पोचतो. इमारतीचं वर्णन लागत नाही. मशीनही जॉबचं वर्णन करत नाही, ते फक्त पत्ते गोळा करतं. भोकाच्या आत आठ जागी टेकलं की आठ पत्ते मिळाले. मग संगणक या आठांच्या सगळ्यात जवळून जाणारं वर्तुळ शोधतो. त्याचा मध्य सांगतो, व्यास सांगतो, आणि आठातला कोण किती बाहेर गेलाय तेही सांगतो. लाइट गेल्यावर ओट्यावर हात फिरवून आपण ओळखतो ना, हे ताट नाही, पातेलं आहे, तसंच. मशीनचं बोट फक्त जास्त काटेकोर आहे. आणि हवेतला मध्यही असाच, न टेकता, गणिताने सापडतो.

लाल मणी माणकाचा असतो. खाणीतल्या नव्हे, कारखान्यात बनवलेल्या. कठीण, गुळगुळीत, न झिजणारा. पण मण्याला स्वतःची जाडी आहे. हातमोजा घालून भिंतीला टेकलात तर भिंत आणि बोट यांच्यात मोज्याची जाडी राहतेच. म्हणून दिवसाचं पहिलं काम म्हणजे एका मास्टर गोळ्याला सगळीकडून टेकायचं आणि मशीनला स्वतःच्या बोटाची जाडी शिकवायची. सकाळच्या घाईत हे टाळलं तर दिवसभराचे सगळे आकडे एकाच दिलाने चुकतात. जाता जाता एक सांगते. ॲल्युमिनियमवर हा मणी सतत घासत नेला तर ॲल्युमिनियमचा थर त्याच्यावर चढतो. मग दुसऱ्या पदार्थाचा मणी लावावा लागतो. मामांच्या जॉबला मात्र आम्ही नुसते टेकलो.

हा टेकल्या क्षणी 'टिक' करणारा प्रोब डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी १९७२ च्या सुमारास शोधला. तेव्हा ते रोल्स-रॉइसमध्ये होते आणि काँकॉर्ड विमानाच्या इंजिनातल्या बारीक नळ्या मोजायची अडचण होती. कडक टोक टेकवलं की नळी दबायची आणि माप बिघडायचं. त्यांनी टोकाला स्प्रिंगवर असं बसवलं की स्पर्श होताच ते जागचं हलतं, संकेत देतं आणि परत नेमकं तिथेच येऊन बसतं. परत नेमकं तिथेच, यातच सगळी करामत आहे. १९७३ मध्ये त्यांनी रेनिशॉ कंपनी काढली आणि आज निम्म्या जगाच्या गप्पा त्या 'टिक'वर चालतात. निम्म्या जगाच्या म्हणजे आमच्या निम्म्या जगाच्या.

जॉब लादीवर वाकडा ठेवला तर? चालतो. घरात कपाट कोपऱ्यात कसं ढकलतो? आधी जमिनीवर टेकवतो, मग मागच्या भिंतीला, मग बाजूच्या. मशीन हेच करतं. जॉबच्या तळावर तीन बिंदू घेतं, कारण तीन पायांची तिपाई कधी डुगडुगत नाही. मागच्या कडेवर दोन आणि बाजूला एक. तीन-दोन-एक. एवढ्यात मशीनला कळतं की जॉबची जमीन कुठली आणि भिंती कुठल्या. पुढची मापं त्या जमिनीपासून धरायची, लादीपासून नाही. जुन्या काळी जॉब सरळ लावायलाच डायल गेज घेऊन फिटरचा अर्धा तास जायचा.

लादी ग्रॅनाइटचीच का, तर मुंबईत लोखंडाचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. शिवाय लोखंडावर काही आपटलं की कडेला उंचवटा येतो, ग्रॅनाइटचा नुसता टवका उडतो आणि बाकीचा पृष्ठभाग सपाटच राहतो. कमान लादीवर घासत नाही, हवेच्या काही मायक्रॉन जाड थरावर तरंगते. म्हणून बोटाने ढकलली तरी कॅरमवर पावडर टाकल्यासारखी सुळकन जाते. ही हवा कोरडी लागते, आणि जुलैच्या मुंबईत कोरडी हवा म्हणजे चेष्टाच. कॉम्प्रेसर पाऊस पितो असं आम्ही म्हणतो. गेल्या पावसाळ्यात आमचा एअर ड्रायर बसला, नळीतून पाणी आलं आणि दोन दिवस मशीन बंद ठेवून आम्ही पुसत बसलो. सगळा दोष आमचाच होता. ड्रेनचा कॉक उघडायची पाळी माझी होती.

वीस अंशांचं गौडबंगाल

आता मामांच्या भांडणाकडे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा गाळ्यातून रिक्षाने थेट लॅबला आले. गाळ्यात ३३ अंश होते. आमच्या खोलीत बाराही महिने २० अंश. मे महिन्यातही आम्ही स्वेटर घालतो, आणि आमचे एक सहकारी कानटोपी. मामांनी आत पाऊल टाकलं आणि म्हणाले, "मेलेलं माणूस ठेवायची खोली आहे का ही?"

खरं तर आलेला जॉब लगेच मोजत नाहीत. पण मामांना दाखवायचं म्हणून मी तो तसाच, कोमट, मशीनवर चढवला. अंतर आलं १८०.०२४ मिलीमीटर. म्हणजे मुभेच्या बाहेरच, पण वरच्या बाजूने! मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. गिऱ्हाईक म्हणतो २७ कमी, मामा म्हणतात बरोबर, आणि भाची म्हणते २४ जास्त.

जॉब रात्रभर खोलीत ठेवला. सकाळी परत मोजला तेव्हा १७९.९७४.

पावसाळ्यात दार फुगतं ते पाण्याने. धातू फुगतो उष्णतेने. स्टीलची एक मीटर लांब कांब एका अंशाला साडेअकरा मायक्रॉनने वाढते. ॲल्युमिनियम दुप्पट, साधारण २३ मायक्रॉनने. मामांच्या १८० मिलीमीटर ॲल्युमिनियमला १३ अंश मिळाले की ते ५४ मायक्रॉनने लांब होतं. थंड मशीनवर कोमट जॉब ठेवला तेव्हा हेच फुगलेलं माप दिसलं. रिक्षातून येताना आणि लादीवर बसल्यावर थोडा गार झाला होता, म्हणून २७ च्या जागी २४.

मग मामांच्या मायक्रोमीटरने बरोब्बर १८० कसं दाखवलं? कारण तोही त्याच गाळ्यात, त्याच ३३ अंशांत होता आणि तोही फुगला होता. पण तो स्टीलचा, म्हणून निम्माच फुगला, २७ मायक्रॉन. जॉब ५४ वाढला, माप २७ वाढलं, उरले २७. मामांनी त्या उरलेल्या २७ ला शून्य मानून भोकं पाडली. अंतर एकच, जॉब एकच, आकडे तीन आणि तिन्ही प्रामाणिक.

तीस वर्षं हे त्यांना का कळलं नाही, याचंही उत्तर यातच आहे. स्टीलचा जॉब स्टीलच्या मापाने मोजला की दोघंही सारखेच फुगतात आणि चूक चुकीला खाऊन टाकते. माणूस जाडा होत गेला आणि पँटही तितकीच सैल होत गेली तर त्याला कळणार कसं? मामांची कसोटी पाहणारा धातू पहिल्यांदाच गाळ्यात आला होता.

मग खरं माप कुठलं? इथे निसर्ग काही सांगत नाही, माणसांनी ठरवावं लागतं. मापांच्या आंतरराष्ट्रीय समितीने १९३१ मध्ये ठरवलं की कारखान्यातल्या वस्तूचं माप म्हणजे तिचं २० अंशांवरचं माप. पुढे आंतरराष्ट्रीय मानकं क्रमाने निघायला लागली तेव्हा १९५१ मध्ये क्रमांक १ याच गोष्टीला मिळाला. वीसच का, तर युरोपातल्या कामाच्या खोलीत ते सुखाचं, आणि फॅरनहाइटमध्येही नेमके ६८ येतात, अपूर्णांक नाही. मुंबईकरांना विचारलं असतं तर आम्ही २८ म्हणालो असतो. पण ड्रॉइंगवर १८० लिहिलं आणि पुढे काहीच लिहिलं नाही, तर त्याचा अर्थ २० अंशांवर १८०. ही अट ड्रॉइंगवर न छापता छापलेली असते.

"मग जॉबला थर्मामीटर लावून गणित करा ना, एसीचं बिल कशाला भरता?" मामांनी विचारलं. रास्त प्रश्न. नव्या मशीनना तशी सोय असते. जॉबला तापमानाचा सेन्सर चिकटवला, धातू कोणता ते सांगितलं की संगणक २० अंशांवरचं माप काढून देतो. एक-दोन अंशांचा फरक असेल तर काम भागतं. १३ अंशांना नाही. ॲल्युमिनियमच्या प्रत्येक मिश्रधातूचा आकडा थोडा वेगळा असतो, आणि जॉब बाहेरून गार होतो तेव्हा पोटात गरमच असतो. सेन्सरला फक्त कातडी कळते.

उलटीही गंमत आहे. जुलैत २० अंशांवरचा जॉब पटकन दाराबाहेर नेला तर त्याला घाम फुटतो, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा. स्टीलचा असेल तर संध्याकाळपर्यंत गंज. म्हणून जाताना तेलाचं फडकं.

मशीनने सांगितलं म्हणजे खरं?

नाही. आमचे गिऱ्हाईक प्रिंटआउटवरचे तीन दशांश बघून हात जोडतात, ते मला कधीच आवडत नाही.

साधं उदाहरण सांगते. भोक गोल आहे का हे बघायला मी तीन बिंदू घेतले तर मशीन सांगेल, शंभर टक्के गोल. कारण एका ओळीत नसलेल्या कोणत्याही तीन बिंदूंतून एक वर्तुळ जातंच, नेमकं. चपटं झालेलं भोकही तीन बिंदूंवर गोल ठरतं. किती बिंदू घ्यायचे आणि कुठे, हे माणूस ठरवतो आणि तिथेच सगळ्यात जास्त गफलती होतात. बारीक किस, म्हणजे आम्ही ज्याला बर म्हणतो तो, भोकाच्या काठावर राहिला आणि मणी त्याच्यावर टेकला तर मशीन इमानदारीने किसाचं माप देतं. आमच्या लॅबमधली सगळ्यात महत्त्वाची वस्तू सुती फडकं आहे असं मी म्हणते तेव्हा नवीन मुलं हसतात. महिनाभरच.

मशीनच्या स्वतःच्याही खोडी असतात. प्रत्येक दिशेला सरकताना कमान किंचित पुढे-मागे चुकते, किंचित वर-खाली, किंचित बाजूला, आणि तीन प्रकारे झुकतेही. एका दिशेला सहा, तीन दिशांना अठरा, वर तिन्ही दिशा एकमेकींना खऱ्या काटकोनात नसण्याच्या तीन. एकूण २१ खोडी. त्या मोजून संगणकात भरतात आणि प्रत्येक आकड्यातून वजा करतात. मशीन बिनचूक नसतं, त्याच्या चुका पाठ झालेल्या असतात. तरी काही उरतंच. आमच्या मशीनच्या कागदावर लिहिलंय की लांबीच्या मापात १.९ मायक्रॉन आणि वर प्रत्येक ३०० मिलीमीटरला एक मायक्रॉन एवढी चूक धरा. मामांच्या अंतराला ते अडीच मायक्रॉन होतात.

म्हणून गिऱ्हाइकाचे उणे २७ आणि आमचे उणे २६ यात भांडण नाही. दोन्ही आकडे एकमेकांच्या शंकेच्या, म्हणजे या धरलेल्या चुकीच्या, आत आहेत. उणे २१ आलं असतं तर खरी पंचाईत होती. तेव्हा नियम असा की जो सिद्ध करायला निघाला, शंका त्याच्या अंगावर. माल चांगला आहे असं विकणाऱ्याला म्हणायचं असेल तर त्याने मुभेच्या आत शंकेइतकं अंतर सोडायचं. वाईट आहे असं घेणाऱ्याला म्हणायचं असेल तर तो मुभेच्या बाहेर शंकेइतका गेलेला हवा. मधल्या पट्टीत दोघांनीही चहा मागवायचा.

आणि मशीनला कोण मोजतं? वर्षातून एकदा ज्यांची लांबी आधीच ठाऊक आहे असे ठोकळे त्याच्यावर मोजून घेतात. याला कॅलिब्रेशन म्हणतात. असे ठोकळे, स्लिप गेज, स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहानसनने १८९६ मध्ये काढले. इतके सपाट की स्वच्छ पुसून एकमेकांवर घासत सरकवले तर चिकटून बसतात, हाताने ओढून सुटत नाहीत. आमचे ठोकळे आमच्याहून वरच्या लॅबकडे जातात, त्यांचे त्यांच्याहून वरच्याकडे. असं करत शेवट दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपाशी होतो. मुंबईत चुनाभट्टीच्या आयडेमीत, म्हणजे विद्युत मापनयंत्रांच्या सरकारी संस्थेत, कॅलिब्रेशनची सोय आहे. शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर मात्र कोणतीही वस्तू नाही. पूर्वी पॅरिसजवळ एक प्लॅटिनम-इरिडियमची कांब होती, तिला मीटर म्हणायचे. १९८३ पासून प्रकाश निर्वात जागेत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढा जातो, तो मीटर.

ही शिडी मध्येच तुटली की काय होतं याचं उदाहरण आकाशात फिरतंय. हबल दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा जगातल्या सगळ्यात काटेकोर घासलेल्या आरशांपैकी एक होता. १९९० मध्ये वर गेल्यावर चित्रं अंधुक येऊ लागली. आरशाचा आकार तपासणाऱ्या उपकरणातली एक काच १.३ मिलीमीटरने चुकीच्या जागी बसवली होती. त्या उपकरणावर विसंबून घासलेला आरसा कडेला सुमारे दोन मायक्रॉनने जास्त चपटा झाला. दुसऱ्या दोन साध्या उपकरणांनी काहीतरी बिघडल्याचं दाखवलं होतं, पण ती कमी अचूक म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं. १९९३ मध्ये अंतराळवीर पाठवून दुर्बिणीला चष्मा लावावा लागला. आमच्या लॅबमध्ये आकडा विचित्र आला की साधा मायक्रोमीटर आधी बाहेर निघतो, तो याच कारणासाठी.

गाळेवाल्याला हे परवडणार कसं?

मशीन परवडत नाही, सरळ आहे. लाखांत किंमत, वर वीस अंशांची खोली, कोरडी हवा, चालवणारा माणूस. शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस धडधडत असेल किंवा खालून ट्रक जात असतील तर पायाखाली कंप रोखणाऱ्या गाद्याही. विक्रोळीला गोदरेजमध्ये इस्रोच्या रॉकेटमधल्या विकास इंजिनाचे भाग बनतात, तिथलं गणित वेगळं. साकीनाक्याला ते शक्य नाही आणि गरजही नाही.

गाळेवाला लॉटमधले पहिले दोन-तीन नग आमच्यासारख्या लॅबमध्ये तासाच्या भाड्यावर मोजून घेतो. बरोबर निघाले की त्यावरून गो-नोगो गेज बनवतो. एक टोक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. पुढचे दोनशे नग दहावी पास पोरगाही तपासतो. चुकतं ते क्रमात. लोक आधी दोनशे बनवतात, मग रिजेक्शनचा कागद घेऊन आमच्याकडे येतात.

कॅमेऱ्याने किंवा लेझर स्कॅनरने होत नाही का, असंही विचारतात. होतं. रबराचं वायसर, पातळ पत्रा, प्लास्टिकची टोपी अशा टेकताच दबणाऱ्या वस्तूंना कॅमेराच बरा. मोटारीच्या दारासारख्या वळणदार पत्र्याला स्कॅनर एका मिनिटात लाखो बिंदू देतो. पण चकचकीत धातूवरून प्रकाश उसळतो आणि खोल भोकात तो पोचत नाही. गिअरच्या भोकांसाठी अजून तरी लाल मणीच.

मामांच्या लॉटचं काय झालं

भोकं एकमेकांच्या जास्त जवळ पडली होती, ती लांब करता येत नाहीत. दोनशे हाउसिंग भंगारात गेली, गिऱ्हाइकाशी बोलून मामांनी नवा माल बनवायचं कबूल केलं. गणित मी त्यांना वहीच्या पानावर लिहून दिलं. या जॉबला, या मायक्रोमीटरने, वीसच्या वर दर अंशाला दोन मायक्रॉन. गाळ्यात ३३ असेल तर मायक्रोमीटरवर १८०.०२७ आलं पाहिजे. मामांनी नवा थर्मामीटर आणून व्हीएमसीशेजारी खिळ्याला टांगला आणि भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलं, 'ॲल्युमिनियम — सत्तावीस जास्त'. नवे दोनशे पास झाले.

ऑर्डर पुन्हा आली ती जानेवारीत. सकाळी पावणेआठला, मी कांजूरच्या प्लॅटफॉर्मवर असताना, फोन.

"पोरी, आज गाळ्यात चोवीसच दाखवतंय. सत्तावीसच धरू ना?"

"नाही मामा, आठ धरा."

"आणि भिंतीवर रंगवलंय त्याचं काय करू?"